अर्धा सूर वर

माझ्यासमोर चुटकी वाजवू नये, एवढी एकच अट मी आयुष्यभर घातली. ऑडिशनला आलेला उमेदवार पियानोपाशी येतो, गाण्याचे कागद ठेवतो आणि लय सांगायची म्हणून माझ्या नाकासमोर चुटक्या वाजवू लागतो, हॉटेलात वेटरला बोलावतात तशा. घाबरलेल्या माणसाची चुटकी त्याच्या गाण्यापेक्षा नेहमी जलद असते. मी बापडी त्या लयीत वाजवते आणि तो धापा टाकत माझ्यामागून पळतो. त्यापेक्षा गाण्याची एक ओळ हळूच गुणगुणून दाखवावी. शब्द तोंडात आले की लय आपोआप खरी येते. हे मी बंगळुरात इतक्या जणांना सांगितलं आहे की रस्त्यात कुणी ओळख दाखवली, तर तो आधी स्वतःची बोटं लपवतो.

मी ऑडिशनची पियानोवाली. कार्यक्रमांची नव्हे. ज्या नाटकांत पात्रं बोलता बोलता गाऊ लागतात आणि गाता गाता नाचतात, त्या नाटकांसाठी माणसं निवडताना कोपऱ्यात बसून वाजवणारी. संगीत नाटकावर पोसलेल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे वन्स मोअर नसतो आणि गाण्यातसुद्धा गोष्ट पुढे सरकावीच लागते. या शहरात अशी नाटकं इंग्रजीत होतात, कन्नडमध्ये होतात आणि अलीकडे दोन्हींची हिंदीत कालवाकालव करूनही होतात. निवडीच्या दिवशी सकाळी दहाला मी बसायची ते चार वाजेपर्यंत. चाळीस-पन्नास माणसं, चाळीस-पन्नास गाणी आणि बहुतेक वेळा पियानो म्हणजे डगमगत्या स्टँडवरचा विजेचा कीबोर्ड.

आमचं घराणं कापडाचं, गाण्याचं नव्हे. चिक्कपेटेत आम्ही किती पिढ्यांपासून आहोत हे आम्हालाही नीट ठाऊक नाही. पुण्याचे पाहुणे आले की आमची मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात, कारण आम्ही ‘थोडं’ न म्हणता ‘स्वल्प’ म्हणतो आणि तसं म्हणतोय हे आम्हाला कळतही नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवसा दुकानात कापड मोजत आणि इथल्या मराठी समाजाच्या नाटकांना पेटीची साथ करत. पेटी मी त्यांच्याकडे शिकले, पियानो शाळेत शिकले. आप्पांची शिकवण एका वाक्याची होती: गाणारा पडला तर ऐकणाऱ्याला कळता कामा नये, तेवढ्यासाठी साथीदार तिथे बसलेला असतो. नट श्वासाला कमी पडला की आप्पा पेटीवर दोन जागा घेऊन त्याला उसंत देत. तो सूर सोडून भलतीकडे गेला की तेही त्याच्यामागोमाग तिकडेच जात आणि जणू तिकडेच जायचं ठरलं होतं असं भासवत. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि मी त्यांची मुलगी असल्याचा मला गर्व होता. तो गर्व एका मुलीला महाग पडला. त्याविषयी पुढे सांगतेच, पण आधी हे काम कसं चालतं ते सांगायला हवं.

ऑडिशनमध्ये पूर्ण गाणं कुणी ऐकत नाही. सोळा बार मागतात. चार टाळ्यांचा एक बार धरला तर सोळा बार म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. एवढ्यात आवाज दाखवायचा, शब्द पोहोचवायचे आणि समोर उभं असलेलं माणूस कुणीतरी आहे अशी खात्री पटवायची. म्हणून गाण्याचा कोणता तुकडा कापायचा यात निम्मी ऑडिशन असते. नवखे लोक सगळ्यांना ठाऊक असलेला मुखडा घेऊन येतात. मी त्यांना सांगते, गाण्यातल्या माणसाला जिथे काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं, तिथून सुरुवात कर. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, दिव्याखाली ते चकाकतात आणि मला काहीच दिसत नाही. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते ठळक पेनाने लिहा. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून गाऊ नका, त्यांना लिहायचं असतं; त्यांच्या डोक्यावरून जरा मागे बघा.

एवढं सांगूनही लोक काय करतील याचा नेम नसतो. एचएसआर लेआउटमध्ये स्वतःची कंपनी चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे तयारीला आले, ते गाण्याचा तक्ता घेऊनच. कितव्या सेकंदाला कोणती ओळ, कोणता हात, कोणती भुवई, सगळं रकान्यांत मांडलेलं. फोनवरच्या कराओकेबरोबर त्यांनी महिनाभर सराव केला होता. मी दोनदा बजावलं की ऑडिशनला सुरुवातीचं संगीत एका बारचंच असतं. त्यांनी मान डोलावली. प्रत्यक्षात मी एक बार वाजवून गाण्यात शिरले, तर हे फोनमधल्या आठ सेकंदांची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभे. मी तिसऱ्या ओळीवर पोहोचले तेव्हा त्यांचा उजवा हात वर गेला आणि पहिली ओळ आली. बाहेर आल्यावर त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, इंट्रो कुठे गेला?

दुसरे आमचे खंडेराव मामा, नात्याने लांबचे, पण गाण्याने फार जवळचे. एका कन्नड नाटकाला वयस्कर राजाची भूमिका होती. मामांचा आवाज सत्तरीतही खणखणीत, म्हणून मीच त्यांना नेलं. मामांनी डोळे मिटून आलाप सुरू केला. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं, शब्द अजून यायचे होते. परीक्षकांनी टेबलावर पेन वाजवलं. मामांनी एक डोळा उघडला, हात पुढे केला आणि “स्वल्प इरी” म्हणून डोळा परत मिटला. म्हणजे थोडं थांबा, राग आत्ता कुठे उघडतोय. सगळे हसले आणि राजा दुसऱ्या कुणाला मिळाला. मामांनी त्याचा काडीचा खेद केला नाही. परतीच्या रिक्षात मला म्हणाले, त्या लोकांकडे वेळ कमी आहे.

आता त्या मुलीबद्दल सांगते.

मृण्मयी नागपूरची. व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायची, राहायला सर्जापूर रोडवर. दर शनिवारी दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून जयनगरला माझ्या घरी यायची. आधी मला मॅम म्हणायची, मग बाकीच्यांचं ऐकून अक्का म्हणू लागली. आवाज भरदार, शब्द स्वच्छ, आणि गाताना ती जे म्हणायची ते खरं वाटायचं. हे शिकवून येत नाही. तिची अडचण एकच होती. मन भरून आलं की तिचा सूर चढायचा. बहुतेक लोक थकून खाली उतरतात, ही उत्साहाने वर जायची, हळूहळू, एखाद्या ओळीत पाव, पुढच्या ओळीत अर्धा. तिला स्वतःला ते कळत नसे.

आणि कळणार कसं? ती चढली की मीही चढायची. तिने श्वास घेतला की त्या फटीत मी अख्खी पट्टी अर्धा सूर वर सरकवायची आणि पुढची ओळ तिथून वाजवायची. पेटीवर हे सोपं, पियानोवर कठीण, म्हणून तर मला त्याची घमेंड. सरावात मी हे जाणूनबुजून करत नव्हते; आप्पांची बोटं माझ्या हातांत होती, ती आपली जात राहिली. ऑडिशनच्या दिवशी मात्र मी जाणूनबुजून केलं.

शहरातल्या एका नाट्यसंस्थेचं नवं संगीतक होतं, बसमधल्या एका कंडक्टर बाईची गोष्ट. दिग्दर्शिका शीला, मूळची मंगळूरची, कडक, पण कानाची फार चांगली. ऑडिशनच्या पियानोवाल्याचा एक नियम असतो: सगळ्यांना सारखं वाजवायचं. कुणाला सावरायचं नाही, कुणाला पाडायचं नाही. परीक्षकांना उमेदवार ऐकायचा असतो, तुमची हुशारी नव्हे. साथीदाराचा धर्म इथे बरोबर उलटा होतो, आणि हा नियम मी इतरांना शिकवलेला आहे. मृण्मयी गायला उभी राहिली, तिसऱ्या ओळीला चढली, आणि मी तिच्यामागोमाग गेले. इतकं बेमालूम, की शीलालाही वाटलं, पट्टी बदलणं हा गाण्याचाच भाग आहे. तिने वहीत खूण केली. त्या क्षणी मला आप्पांची आठवण आली आणि मला फार बरं वाटलं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

मृण्मयीला प्रमुख भूमिका मिळाली. तिने ऑफिसातून महिनाभराची रजा घेतली. नागपूरहून आईवडिलांनी पहिल्या प्रयोगाची तिकिटं काढली. नाटकाच्या तालमींना मी नसते, माझं काम निवडीपुरतं. आणि हे नाटक ध्वनिमुद्रित संगीतावर होणार होतं. ध्वनिमुद्रित संगीत कुणाच्या मागे जात नाही. ती चढली की ते खाली राहायचं, आणि मधली फट सगळ्या सभागृहाला ऐकू यायची. शीलाने तीन आठवडे प्रयत्न केले. प्रयोगाला आठ दिवस उरले असताना भूमिका दुसऱ्या मुलीला दिली.

त्या दुपारी मृण्मयीचा फोन आला. ती रडत नव्हती. ती चाचण्या घेणारी मुलगी, चूक नेमकी कुठे शिरली एवढंच शोधत होती.

“अक्का, मला फक्त एक सांगा. ऑडिशनमध्ये मी करेक्ट गायले होते ना? म्हणजे तेव्हा बरोबर होतं आणि नंतर बिघडलं, असंच ना?”

मी हो म्हणाले.

दुसरं काही म्हणायला धीर झाला नाही, एवढंच खरं आहे. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं की मोडलेल्या मुलीला आणखी काय मोडायचं. पण त्या एका ‘हो’मुळे ती चुकीच्या जागी शोधत राहिली. आपल्याला तालमीचा ताण झेपत नाही, लोकांसमोर आपला आवाज दगा देतो, असं तिने ठरवून टाकलं. शनिवारी यायची बंद झाली. मी दोनदा फोन केला, तिने ऑफिसचं काम सांगितलं. मीही फार जोर केला नाही, कारण ती आली असती तर मला बोलावं लागलं असतं.

दोन वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात शीलाने नव्या नाटकाची घोषणा केली आणि मला सांगितलं की अक्का, उमेदवारांची यादी तुम्हाला आधी पाठवते. मी तिला म्हटलं होतं की आता मनगटं दुखतात, ही माझी शेवटची निवड. यादीत चौदाव्या क्रमांकावर मृण्मयीचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं: समूहगान, कोणतीही छोटी भूमिका चालेल.

हे वाचून मला राहवलं नाही. मी तिला घरी बोलावलं. ती आली, चहा घेतला, केस आखूड केले होते, बढती मिळाली होती. मी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं: तू कुठे चढतेस, मी कशी मागे जायची, ऑडिशनला काय केलं, आणि फोनवर खोटं बोलले. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“म्हणजे तालमीत काही बिघडलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी आधीपासूनच तशी गात होते.”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“दोन वर्षं मला वाटतंय की मी स्टेजला घाबरते. अक्का, मी स्टेजला अजिबात घाबरत नाही.” एवढं बोलून ती उठली, चपला घातल्या आणि गेली. मी म्हणाले, तयारीला ये, मी नीट शिकवते. तिने नको म्हटलं. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी दारात उभी राहिले, आणि समोरच्या अंगणातल्या बाईंनी विचारलं, काय अक्का, पाहुणी लवकर गेली? मी म्हटलं, सरी, होय हो, तिला काम होतं.

निवड एचएसआरमधल्या एका स्टुडिओत होती. सकाळपासून तेरा जण झाले. एकाने चुटकी वाजवली, पण त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. चौदावी मृण्मयी. ती पियानोपाशी आली, कागद ठेवले. नीट चिकटवलेले, सुरुवात आणि शेवट ठळक पेनाने. लय सांगायला तिने एक ओळ गुणगुणली. मग वाकून फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली,

“अक्का, आज साथ करू नका. फक्त वाजवा.”

मी मान हलवली.

तिने तुकडा बदलला होता, गाणंही नवं होतं. पहिली ओळ सुरेख आली. दुसरीत तिचे खांदे मोकळे झाले. तिसरीत ते शब्द आले जिथे मन भरून येतं, आणि ती चढली. आधी एवढंसं, मग स्पष्ट. तिने श्वास घेतला. माझी दहाही बोटं वर जायला निघाली. चाळीस वर्षांची सवय एका श्वासात थांबवायची म्हणजे काय, ते असे हात असणाऱ्यालाच कळेल. मी त्यांना होते तिथेच दाबून ठेवलं आणि पुढचा बार कागदावर होता त्याच पट्टीत वाजवला. ती वर, मी खाली. खोलीभर ती फट ऐकू आली. शीलाने मान वर केली. बाजूला बसलेल्या नृत्यदिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं.

मृण्मयीने फट ऐकली. हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं, पहिल्यांदाच. ती थांबली नाही, सॉरी म्हणाली नाही. चौथ्या ओळीच्या पहिल्याच शब्दावर ती खाली उतरली, नेमकी माझ्या सुरावर येऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाही. पण चूक झाली होती आणि सगळ्यांनी ऐकली होती. तेरा जणांत असे चौघे होते ज्यांची अजिबात चूक झाली नव्हती.

शीलाने पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वीचं सगळं तिलाही आठवत असणार. मी काय केलं होतं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि आजही नाही. मी हे ज्यात लिहितेय तो अंक तिच्या हाती पडला तर कुणीतरी मराठी शेजारीण तिला वाचून दाखवील, आणि मग ती मला जे बोलेल ते मी ऐकून घेईन.

“पुन्हा गा,” शीला इंग्रजीत म्हणाली. “तेच. या वेळी पियानोशिवाय. अक्का, सुरुवातीचा सूर द्या आणि हात बाजूला घ्या. शेवटचा सूर तिने धरला की तुम्ही तो वाजवा.”

हा शीलाचा कडक इलाज, क्वचितच करते. आधाराशिवाय सोळा बार गायचे आणि शेवटी पियानोने सांगायचं, निघालो तिथे पोहोचलो की नाही. चांगले चांगले गायक यात पाव सूर इकडेतिकडे होतात. चढणाऱ्या गळ्याची तर यात धडगत नसते.

मी सूर दिला आणि हात मांडीवर घेतले. मृण्मयी एक क्षण थांबली, आणि गायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या कागदावर प्रत्येक ओळीपाशी तिने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. तिसऱ्या ओळीपाशी बाणाचं टोक खाली वळलेलं होतं. तिसरी ओळ आली, तेच शब्द आले, तिचा आवाज भरून आला. ती चढली की नाही हे मला कळेना. इतकी वर्षं हेच ऐकून पोट भरलं, आणि त्या वेळी माझा स्वतःचा कान मला भरवशाचा वाटेना. तिचं बरं व्हावं असं मला इतकं वाटत होतं की मी ऐकतेय ते खरं की मला हवंय ते, हे सांगता येईना.

शेवटचा सूर तिने धरला. लांब, सरळ, न थरथरता. मी बोट पट्टीवर ठेवलं आणि दाबलं.

पियानोचा सूर वेगळा ऐकूच आला नाही. तो तिच्या आवाजात होता.

सूर संपेपर्यंत तिने तो धरून ठेवला, मग तोंड मिटलं. जिंकलेली ऑडिशन हरलेल्या ऑडिशनपेक्षा वेगळी दिसत नाही; उमेदवार कागद उचलतो, आभार मानतो आणि जातो. शीलाने वहीत पुष्कळ वेळ काहीतरी लिहिलं. भूमिका कोणाला द्यायची तो तिचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्या कामाचा भाग नव्हतं. मी मृण्मयीकडे बघत होते, बरोबर होतं म्हणून मान हलवायला अगदी तयार.

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. आता तिला मला काही विचारायचं उरलं नव्हतं.